गॅसकेटचे पैसे आणि हाताची मजुरी

गॅसकेट हा शब्द मराठी घरात शिरला तो बहुधा प्रेशर कुकरच्या झाकणातून. शिट्टी होईनाशी झाली आणि कडेने वाफ फुसफुसू लागली की घरातले कोणीही ओट्याकडे न बघता सांगते, ‘गॅसकेट गेलं असेल.’ गुलमंडीवर जाऊन नवी रिंग आणायची, झाकणात बसवायची, की वरणभात पुन्हा सुरू. मोटारीच्या इंजिनातही एक गॅसकेट असते, हेड गॅसकेट. ते गेले असे मिस्त्रीने सांगितले की आपल्या डोळ्यांपुढे हीच कुकरची रिंग उभी राहते आणि आपण म्हणतो, ‘मग बदलून टाका की. संध्याकाळी गाडी न्यायला येतो.’ या एका वाक्याने आजवर किती इंजिने वाया गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण त्यापायी कर्ज थकलेली माणसे मी बँकेच्या नोकरीत पाहिली आहेत, म्हणून हा विषय. रविवारच्या सकाळी इंजिनाचे काय काम, असे कोणाला वाटेल. पण दाराशी एखादे वाहन नाही असे घर आता गल्लीत शोधावे लागते, आणि ज्यांचे पोटच गाडीवर आहे अशी घरे तर छत्रपती संभाजीनगरात आणि आसपासच्या तालुक्यांत पुष्कळ आहेत.

इंजिनाचे दोन मोठे तुकडे असतात. खालचा तो ब्लॉक. त्यात सिलिंडर आणि सिलिंडरमध्ये वर-खाली धावणारे पिस्टन. वरचे ते हेड; त्यात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. हे दोन तुकडे लांब बोल्टांनी एकमेकांवर आवळलेले असतात आणि त्यांच्यामध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा, भोकाभोकांचा एक पत्रा असतो. तेच हेड गॅसकेट. त्याच्या मोठ्या भोकांत जाळ, शेजारच्या बारक्या भोकांतून पाणी, त्यापलीकडच्या भोकांतून ऑइल. या तिघांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. पण नव्या डिझेल इंजिनात सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या शंभरपटीहून वर जातो हे लक्षात घेतले म्हणजे ‘एवढेच’ हा शब्द मागे घ्यावासा वाटतो. पूर्वी हे गॅसकेट तांब्याचा पत्रा आणि आत ॲस्बेस्टॉस असे येई. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून पुढे ग्राफाइटची गॅसकेटे आली, आणि आता बऱ्याच नव्या गाड्यांत पातळ पोलादी पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेली असतात. माल सुधारला, पण बसवणाऱ्याची चूक खपवून घेण्याची त्याची तयारी कमी होत गेली. जुने मऊ गॅसकेट हेडचा थोडा वाकडेपणा पोटात घाली. पोलादी गॅसकेट घालत नाही.

हे गॅसकेट जाते कशाने? बहुतेक वेळा इंजिन तापल्याने. आणि तापायला आमच्या मराठवाड्यात काय कमी आहे! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यात इथल्या काळ्या पाषाणातले विहिरी-बोअरचे पाणी जड. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते ती घरोघरी माहीत आहे. तीच खपली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते आणि पाणी फिरायचे थांबते. कंपनीच्या पुस्तकात कूलंट घाला असे लिहिलेले असते. आपण हॉटेलाच्या पिंपातला एक मग ओततो आणि पुढे निघतो. चाळीसगावकडून कन्नडला चढणाऱ्या औट्रम घाटात भरलेले ट्रक बॉनेट उघडून, चाकाला दगड लावून वाफाळत उभे असलेले मी वर्षानुवर्षे पाहिले. पुष्कळ गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. (बीड म्हणजे आमच्या शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड.) ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. दोन शेजारी एकाच तापात कमी-जास्त पसरतात आणि मधले गॅसकेट रगडले जाते. पाणी उकळून संपले तर हेड बाकच धरते, आणि मग दोन सिलिंडरांच्या मधली जी अरुंद पट्टी, तिथे गॅसकेट जळते.

लक्षणे घरबसल्या ओळखता येण्यासारखी आहेत. कुठे गळती दिसत नाही आणि रेडिएटरमधले पाणी मात्र रोज कमी होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. ऑइलची कांडी बाहेर काढली तर तिला काळ्या तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी लागलेले असते. थंड गाडी सुरू करताच रेडिएटरची रबरी नळी दगडासारखी कडक होते, किंवा टाकीत बुडबुडे येऊ लागतात. यातले काहीही दिसले तर ‘एवढी फेरी मारून येतो’ म्हणू नये. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणीही, मिस्त्रीनेही, उघडू नये. त्या उकळत्या फवाऱ्याने भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिले आहेत.

आता ते काम. मोंढा नाक्याच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, पोरे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्या गॅरेजात निवृत्तीनंतर मी बरेच दुपारचे तास घालवले. कादंबरी लिहिणाऱ्याला बसायला जागा लागते आणि तिथे चहा चांगला मिळतो. त्यांचा पहिला नियम असा की गरम इंजिन उघडायचे नाही. गाडी दुपारी आली तर हेडचे बोल्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सैल होणार. तापलेल्या हेडचे बोल्ट काढले तर ते जिथे दाब गेला तिथे उचलते आणि वाकते; आजार एक होता, त्याचे दोन होतात. सैल करतानाही क्रम असतो. कडेच्या बोल्टांपासून सुरुवात करून मध्याकडे यायचे, आणि एकदम मोकळे न करता प्रत्येकाला थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्यांनी. हेड चिकटलेले असेल तर मध्ये पेचकस घालून उचकटायचे नाही. त्या एका ओरखड्यातून पुढे पाणी वाट काढते.

हेड उतरल्यावर खरे काम सुरू होते, आणि गिऱ्हाइकाला वाटते की आता संपलेच. जुने गॅसकेट हातात घेऊन ते कुठे जळले ते बघायचे. दोन्ही माथे खरवडून साफ करायचे, तेही ग्राइंडरला कागदी चकती लावून नव्हे. तिची कचकच ऑइलात उतरते आणि काही दिवसांत बेअरिंग खाते. मग हेडच्या माथ्यावर एक अचूक सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवायची आणि तिच्याखाली फिलर गेजचे पाते सरकते का ते बघायचे. पुष्कळ इंजिनांत मर्यादा मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाच्या आत असते. विसावा भाग म्हणजे आपल्या केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही कमी. त्याहून जास्त बाक असेल तर हेड लेथवाल्याकडे फेसिंगला जाते, आणि फेसिंगही वाटेल तेवढे करता येत नाही, कारण हेड पातळ झाले की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर घटते. डिझेल इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते मोजून त्याप्रमाणे कमी-जास्त जाडीचे गॅसकेट निवडायचे असते. जाडी ओळखायला गॅसकेटच्या कडेला खाचा किंवा भोके ठेवलेली असतात. बोल्टांच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेले राहिले तर आवळताना त्याला जायला वाट नसते आणि ब्लॉकलाच चीर जाते. हे सर्व झाल्यावर आवळणी: या वेळी उलटा क्रम, मध्यापासून कडेकडे, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क पान्याने. ठरावीक जोर लागला की हा पाना ‘टक्’ असा आवाज करतो. बऱ्याच नव्या गाड्यांत त्यानंतर बोल्ट ठरावीक अंशांत आणखी फिरवायचा असतो, आणि असे बोल्ट ताणले जात असल्याने एकदाच वापरायचे असतात. ते परत लावणे म्हणजे ढिल्या नाडीने लेंगा बांधणे.

एवढे करूनही इंजिन मुळात तापले कशाने हे शोधले नाही तर सगळे फुकट. रेडिएटर तुंबला आहे, पाण्याचा पंप झिजला आहे, पंख्याचा पट्टा सैल आहे, की रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मेली आहे? थर्मोस्टॅट अडकला असेल तर तो काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी युक्ती. उस्तादांना तिची चीड आहे. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे ते आहे, असे त्यांचे मत.

हे सारे नीट करायचे म्हणजे दोन ते तीन दिवस गेले. आता पावती बघा. गॅसकेट, ऑइल, फिल्टर, फेसिंग आणि शेवटी ‘मजुरी’. आपण पहिल्या चार ओळींवर बोट ठेवत नाही, कारण त्यांच्या मागे दुकानाचे छापील बिल आहे. पाचव्या ओळीवर मात्र घासाघीस सुरू होते. ‘अहो, एक गॅसकेट तर बदललं!’ मिस्त्रीला हे पहिल्यापासून ठाऊक असते. गाडी किती दिवस ठेवून घेतली, किती वेळा मोजले, याचा एक पैसा मिळणार नाही. मिळणार तो ‘बदलण्याचा’. मग तो काय करतो? रात्रीच, अर्धवट गरम इंजिन उघडतो, माथ्यावरून पत्री फिरवतो, नव्या गॅसकेटला दोन्ही बाजूंनी काहीतरी चिकट फासतो, साध्या गोटी पान्याला पाइप लावून हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळतो आणि संध्याकाळी नाही तर पहाटे गाडी देतो. मालक खूश. गॅसकेट पुन्हा जाते तेव्हा दोघेही कंपनीच्या मालाला शिव्या देतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्याकडे दुरुस्तीतला माल विकत घेतला जातो आणि काम फुकट मागितले जाते, आणि यात फक्त गाडीमालकाला धरून चालणार नाही. मी जिथे नोकरी केली त्या व्यवहाराचाही यात वाटा आहे. साधारण २००६ सालचे प्रकरण सांगतो. तालुक्याच्या शाखेत असताना आमच्याकडे एका तरुणाचे जीपचे कर्ज होते. फुलंब्री-सिल्लोड रस्त्यावर त्याची काळी-पिवळी चाले. लग्नसराईत एका दुपारी गॅसकेट गेले. दुसऱ्या दिवशीचे वऱ्हाड ठरलेले, म्हणून रातोरात बदलून घेतले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा रातोरात. तिसऱ्या खेपेला हेडलाच चीर गेली. नव्या हेडचे पैसे नव्हते. विमा अपघाताचा होता, आणि यांत्रिक बिघाड विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. बँकेकडे यावे तर नव्या गाडीला कर्ज होते, टायरटयूबचे पैसे एखाद्या वेळी नजरेआड करून मिळत, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी अर्जात रकानाच नव्हता. तो सावकाराकडे गेला. मार्च २००४ पासून नव्वद दिवसांचा नियम लागू झालेला. तीन हप्ते चुकले की खाते थकीत कर्जांत. जीप ओढून आणली गेली, लिलाव झाला. फायलीत इंजिन नंबर होता, चॅसी नंबर होता, विम्याची तारीख होती. ते इंजिन चालते की नाही हे एकाही कागदावर नव्हते. लिलावात ज्याने ती घेतली त्याने जुन्या बाजारातून हेड आणले, चार दिवस लावून ते नीट बसवून घेतले आणि त्याच रस्त्यावर जीप पुढे कैक वर्षे चालवली. हा हिशेब मी आजही मनात मांडतो: चार दिवस आणि एका हेडचे पैसे वेळेवर मिळाले असते तर बँकेचे कर्ज फिटले असते, आणि तो पोरगा पुण्याला रखवालदारी करायला गेला नसता.

अशा कर्जदाराला दुरुस्तीसाठी एक छोटी मर्यादा वाहनकर्जासोबतच मंजूर करून ठेवावी, मिस्त्रीच्या लेखी अंदाजपत्रकावर थेट गॅरेजच्या खात्यात पैसे द्यावेत आणि सहा-आठ हप्त्यांत वसूल करावेत, यात बँकेचे नुकसान मला तरी दिसत नाही. तारण म्हणून ठेवलेली वस्तू चालती ठेवणे हे सावकारालाही कळते. शेतकऱ्याच्या पीककर्जाला जो न्याय आहे, की पेरणी बुडाली तर कर्जही बुडेल, तोच इथे लावायचा.

मिस्त्रीच्या बाजूनेही बघू. २०१५ पासून मुद्रा योजनेत गॅरेजला कर्ज मिळू शकते, हे खरे. पण १७ सप्टेंबर २०२३ ला हातकारागिरांसाठी विश्वकर्मा योजना आली. अवजारांसाठी पंधरा हजार, विनातारण पहिले एक लाख आणि पुढे दोन लाख, तेही पाच टक्क्यांनी. तिच्यात अठरा धंदे आहेत. लोहार आहे, सुतार आहे, कुलूपवाला आहे, होडी बांधणारा आहे. मोटार मिस्त्री नाही. परंपरागत धंद्यांची योजना म्हणून नसेल. पण बापाने मुलाला, उस्तादाने पोऱ्याला शिकवत तीन पिढ्या चाललेला धंदा परंपरागत व्हायला आणखी किती वर्षे लागतात? टॉर्क पाना आणि अचूक पट्टी काही हजारांत येते. त्या पंधरा हजारांत हेडच्या कामाची हत्यारे बसतात.

खरी गंमत म्हणजे हे आपल्या शहरात घडते. १९८५ पासून वाळूजला दुचाकी-तीनचाकी बनताहेत, शेंद्र्याला मोटारी जुळल्या, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांत मायक्रॉनच्या खाली कोणी बोलत नाही. चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात अशा तीनच, दुसऱ्या दोन दापोडीला आणि नागपूरजवळ हिंगण्याला. तिथल्या कामगाराला महिन्याचा पगार असतो, त्यामुळे इंजिन गार होईपर्यंत थांबणे त्याला परवडते. गेटाबाहेर रस्त्यावरच्या गॅरेजात तोच बोल्ट पाइप लावून आवळला जातो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण तिथून निघालेला मुलगा कारखान्यात कंत्राटी का होईना नोकरी बघतो. गॅरेजात येणारा पोऱ्या शाळा अर्धवट सोडलेला. त्याने तक्ता वाचावा कसा? आणि तक्ता मिळतो तरी कुठे? ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढले. उस्तादांना मी त्याबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, ‘मराठीत आहे का साब, की अंग्रेजीत?’

मिस्त्री सगळे संत आहेत असे कोणी समजू नये. नकली गॅसकेट खऱ्या खोक्यात घालून देणारे आहेत, चांगले हेड ‘गेलं’ म्हणून नवे गळ्यात मारणारे आहेत. त्यावर उपाय सोपे आहेत. जुने गॅसकेट परत मागावे आणि कुठे जळले ते दाखवायला सांगावे. पट्टी आणि फिलर लावताना समोर उभे राहावे. इंजिन कशाने तापले, हे पावतीवर लिहून घ्यावे. जो मिस्त्री या तीन गोष्टींना चिडत नाही त्याच्याशी मजुरीवर घासाघीस करू नये.

विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्नच मिटेल, असे मुलगा मला सांगतो. त्यांना हेड नाही, गॅसकेट नाही, आणि तशा गाड्यांचे मोठे कारखाने बिडकीनला यायचे ठरले आहे. येऊ देत. पण आज रस्त्यावर असलेले ट्रॅक्टर, टेम्पो आणि पिकअप पुढची दहा-पंधरा वर्षे तरी डिझेलच पिणार आहेत, आणि त्यातले कितीतरी हप्त्यांवर आहेत.

एक बारीकशी गोष्ट राहिली. जुन्या पद्धतीचे गॅसकेट असेल तर पुष्कळ इंजिनांत काही शे किलोमीटर चालल्यावर, इंजिन थंड असताना, हेडचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्यावे लागतात. त्यासाठी गाडी परत न्यावी लागते आणि अर्धा दिवस मोडतो. या दुसऱ्या फेरीचे पैसे बहुतेक मिस्त्री मागत नाहीत. ते विचारून द्यावेत.